भाकरीतली ताकद पेशीपर्यंत कशी पोचते?

हैदराबादच्या मराठी मंडळींपैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, आणि कोरडवाहू भागात रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीवरच चाले. भाकरीने अंगात ताकद येते, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. ते खरेच आहे. पण ही ताकद येते कशी, आणि नुसत्या भाकरीवर ती का टिकत नाही, हे समजून घेण्यात आपल्याच शहरातल्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे.

आधी पेशीत काय घडते ते पाहू. भाकरीतल्या पिष्टाचे पचनात ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशीत पोचते. चुलीत लाकूड जळते तेव्हा सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. पेशीत असे झाले तर ती जळूनच जाईल. म्हणून पेशी ग्लुकोज टप्प्याटप्प्याने फोडते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. याला ऑक्सिजन लागत नाही, पण ऊर्जाही थोडीच मिळते. मग हे आम्ल तंतुकणिकेत जाते. तिथे त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तोच आपण श्वासावाटे सोडतो. त्यातले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा वाहक रेणू उचलून नेतो. शेवटी ते ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या प्रवासात सुटलेल्या ऊर्जेवर एटीपी बनते. स्नायूंपासून मेंदूपर्यंत सारी कामे या एटीपीवर चालतात. १९२९ साली एटीपी शोधणाऱ्यांत भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तेव्हा ते अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के यांच्यासोबत काम करत होते.

इंधन भरपूर असले तरी हे काम जीवनसत्त्वांवाचून अडते. पायरुविक आम्ल पुढच्या टप्प्यात जायला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर बेरीबेरी होतो. एनएडी बनते नायसिनपासून. ते कमी पडले तर पेलाग्रा होतो: उन्हात उघडी राहणारी मान आणि हात काळवंडून सोलतात, जुलाब लागतात आणि मनावरही परिणाम होतो.

तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाशेजारी असलेली राष्ट्रीय पोषण संस्था मुळात बेरीबेरीच्याच चौकशीतून जन्मली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी ते काम १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू केले. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली आणि इथे तिच्यापुढे ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांतला पेलाग्रा आला. हे कोडेच होते, कारण पेलाग्रा तोवर मक्याशी जोडला जाई, आणि ज्वारीत नायसिन अगदीच कमी नसते. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते शरीरातल्या नायसिनच्या कामात अडथळा आणते. या मतावर पुढे वाद झाले, पण एक गोष्ट पक्की झाली: पोट भरले म्हणजे पेशीला ऊर्जा मिळालीच असे नाही.

याचा अर्थ भाकरी सोडावी असा मुळीच नाही. पेलाग्रा झाला तो ताटात भाकरीशिवाय फारसे काही नसलेल्यांना. भाकरीबरोबर वरण किंवा पिठले, शेंगदाण्याची चटणी, ताक, जमेल तसे अंडे किंवा मासे असले की नायसिन आणि ते बनवायला लागणारे ट्रिप्टोफॅन दोन्ही मिळतात. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर असते.

घरात एकटी राहणारी आजी-आजोबा मंडळी कधी कधी भाकरी-लोणच्यावर किंवा चहा-बिस्किटावर दिवस काढतात. नियमित मद्यपान करणाऱ्यांनाही आज पेलाग्राचा धोका असतो. अशांच्या ताटाकडे आपण सर्वांनी जरा लक्ष देऊ या, आणि त्वचा, पोट व मन यांच्या तक्रारी एकत्र दिसल्या तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवू या.