भीमगीतांची कॅसेट
नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतेही विकली गेली: आधी कॅसेट, मग सीडी. माझ्या घरात तर पुस्तकाआधी कॅसेटच आली. १९८०नंतर स्वस्त कॅसेटमुळे प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वस्तीवस्तीत पोचला. पण ही लोकप्रियता कॅसेटने निर्माण केली असे मानणे चूक आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी गावोगावच्या सभांतून आधीच लोकांच्या तोंडी होती. कॅसेटने ती साठवली. शिवाय १४ एप्रिलला आणि अशोक विजयादशमीला ती दरवर्षी नव्याने वाजतात. चित्रपटगीताला असा हक्काचा दिवस नसतो. वामनदादांचे नाव टिकले. इतर कितीतरी गीतकारांची नावे गाणाऱ्यांनाही ठाऊक नाहीत. वर्गात मी गीतकार कोण म्हणून विचारतो, तेव्हा अख्खे गाणे पाठ असलेली मुले गप्प बसतात.