शाळूच्या मुलखातून

सोलापूर जिल्हा बघायचा तर जानेवारीत बघावा. मे महिन्यात पुणे-हैदराबाद महामार्गावरून जाणाऱ्याला गाडीच्या काचेतून बोडकी रानं, बाभळी आणि एखादा टँकर दिसतो, आणि तो 'दुष्काळी' असा शेरा मारून पुढं जातो. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्डायात्रा भरलेली असताना, त्याच रानांत पुरुषभर उंचीचा शाळू उभा असतो. बहुतेक ठिकाणी त्याला कुणी पाण्याचा थेंब दिलेला नसतो. पावसाळा सरताना पेरलेलं हे पीक हिवाळाभर जमिनीतल्या ओलीवर पोसतं. हा मुलूख कळायचा तर ही ओल कळली पाहिजे.

रस्ता असा धरावा: सोलापूर, नान्नज, बार्शी, कुर्डुवाडी, मोहोळ, बेगमपूर, मंगळवेढा, सांगोला. जाताना सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आत. ऑस्ट्रेलियात पर्थच्या पूर्वेला गव्हाच्या पट्ट्यातून अशीच गाडी घेऊन भटकायला लोक हौसेनं जातात. पुढं ओसाड माळ लागेपर्यंत शेकडो किलोमीटर नुसता गहू, मधून मधून धान्याची उंच कोठारं. त्या पट्ट्यात वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरची सरासरी पाचशेच्या वर आहे. मग दुष्काळी आपण कसे? तिथला पाऊस हिवाळ्यात, थंड हवेत, पीक उभं असताना पडतो. आपला जून-जुलैत हुलकावण्या देतो, सप्टेंबरात एकदम कोसळतो, आणि पडलेल्यातलं बरंच पाणी ऊन पिऊन टाकतं. सरासरीचा आकडा इथं फसवा असतो.

बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज. इथला माळ उजाड वाटतो, पण तो कुसळी गवताचा आहे. काळविटांचे कळप हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. ज्याच्या नावानं १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तो माळढोक मात्र आता एखाद-दुसरा दिसला तरी बातमी होते. अभयारण्याचं क्षेत्र सुरुवातीला होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेलं. गावंच्या गावं त्यात आली. जमिनीचा व्यवहार अडला की लोक पक्ष्याला शिव्या घालू लागले. पुढं हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. कागदावरचं अभयारण्य एवढं मोठं नसतं आणि गवताच्या मोजक्या तुकड्यांवर जीव लावला असता, तर कदाचित वेगळं झालं असतं, असं मला वाटतं. माळढोकाचा सख्खा भाऊबंद, त्याच कुळातला, ऑस्ट्रेलियाच्या माळांवर आजही हिंडतो.

तिथल्या शेतकऱ्याचा पक्ष्यांशी झालेला झगडा तर फारच गमतीचा. १९३२ साली गव्हाच्या पट्ट्यात एमूंच्या झुंडी घुसल्या, तेव्हा सरकारनं लुईस मशीनगन घेतलेले सैनिक पाठवले. एमू पांगत, गोळ्या वाया जात. अखेर सैन्यच माघारी फिरलं. आपल्याकडे कणसात दाणा भरला की माळ्यावर चढून पोरंबाळं गोफण फिरवतात. खर्च कमी, आणि निकाल त्याहून वाईट म्हणता येणार नाही.

बार्शी ही ज्वारी-तुरीची जुनी पेठ. हा माल बाहेर न्यायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. कुर्डुवाडीला ती मोठ्या लाइनला मिळे. पुढं एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर-मिरज अशी ती वाढली आणि धान्याबरोबर वारकरीही वाहू लागली. आता रूळ रुंद झालेत. जुन्या गाडीची आठवण काढणारी म्हातारी माणसं कुर्डुवाडीत अजून भेटतात.

मोहोळला बहुतेक जण फक्त चहाला थांबतात. पण महाराष्ट्राच्या ताटातल्या भाकरीवर या गावाचं फार मोठं ऋण आहे. इथल्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण काढला. त्यातला 'एम' म्हणजे मालदांडी. पुढच्या काळात संकरित ज्वारी आली, एकरी उतारा वाढला, पण त्या भाकरीला चव नाही आणि कडब्याला जनावर तोंड लावत नाही, अशी तक्रार राहिली. रब्बीत मालदांडी हटली नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं अलीकडे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिलेत: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा. सोलापुरातलं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ सालचं. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियात गहू उत्पादकांची धान्य साठवणारी सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. तिकडे साठवणीचा, इकडे ओलीचा विचार एकाच मंदीच्या काळात सुरू झाला.

मोहोळहून दक्षिणेला बेगमपूरशी भीमा ओलांडायची. पलीकडे माचणूरचा किल्ला आणि नदीकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ. जवळच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी तब्बल चार वर्षं पडून होती. एवढ्या फौजेला आणि जनावरांना दाणावैरण लागली असेल, ती कुठल्या रानांतून आली असेल हे इथं उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

मंगळवेढ्याचं रान हा या वाटेचा गाभा. चार बोटं नाही, कित्येक हात खोल काळी माती, आणि डोळे पोचतील तिथवर शाळू. मध्ये बांध नाही, झाड नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली ती कथा याच गावची. कथेतला विठू महार सोडला तरी कोठार होतं आणि भरलेलं होतं, हे या मातीकडे बघून पटतं. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता ही ओल जपायची कशी ते बघा. पावसाळाभर रान मोकळं ठेवून कुळवाच्या पाळ्या घालतात, तण उठू देत नाहीत, म्हणजे पडलेलं पाणी खाली मुरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाभरीनं पेरणी. पुढं थंडी वाढते, माती आकसते आणि जमिनीला भेगा पडू लागतात. या भेगांत हात घातला तर आत कोपरापर्यंत गार लागतं. तीच ओल भेगेतून उडून जाते. म्हणून कोळपं चालवायचं. कोळप्याची पास वरची दोन बोटं माती भुसभुशीत करते, ती माती भेगांत पडून तोंडं बुजतात. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असं इथला शेतकरी म्हणतो ते हिशेबानं म्हणतो. काढणीला शाळू विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. भेगाळलेल्या कठीण रानातून ताटं उपटताना तळहात सोलून निघतात. मग पेंढ्या, मग कणसं मोडणं, मग मळणी. या कष्टाला आता माणूस मिळत नाही, आणि शाळूचं क्षेत्र आटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण उजनी. १९८० मध्ये भीमेवरचं हे धरण पुरं झालं आणि कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस आला. जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत न्यावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६५ साली जॉर्ज गॉयडर या सर्व्हेअरनं घोड्यावरून हिंडून नकाशावर एक रेघ ओढली: हिच्या उत्तरेला धान्य पेरू नका. १८७० च्या दशकात चार वर्षं बरा पाऊस झाला, लोकांनी रेघ ओलांडून गावं वसवली, आणि १८८० च्या सुमारास दुष्काळानं त्यांना देशोधडीला लावलं. पडक्या दगडी घरांच्या भिंती अजून तिथं उभ्या आहेत. गॉयडरची रेघ पावसानं ठरवली होती. आपल्याकडची रेघ कालव्यानं ठरवली, आणि ती मंगळवेढा तालुक्यातच डोळ्यांनी दिसते. नदीकडच्या अंगाला ऊस, आणि दक्षिणेकडे वर्षानुवर्षं म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यासाठी भांडणारी गावं. उसवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण उसाला कारखान्याचा ठरलेला दर असतो, आणि ज्वारीला आडत्याच्या मनातला. दोन एकरवाला काय निवडेल?

सांगोल्याकडे जमीन हलकी होत जाते, मुरूम वर येतो. इथं ज्वारीची जागा डाळिंबानं घेतली. ठिबकवर, शेततळ्याच्या पाण्यावर माळरानं लाल झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालकडे सुटली. मग तेल्यानं आणि खोडकिडीनं बागांमागून बागा गेल्या. बांधावर उपटून टाकलेल्या झाडांचे ढीग पडले. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. उपाय शोधणं चालू आहे.

परतताना मंगळवेढ्यात ज्वारी घ्यायची असेल तर पोत्यावरचं नाव न वाचता दाणा तळहातावर घ्यावा. मालदांडीचा दाणा टपोरा, गोल, पांढऱ्यावर किंचित पिवळसर झाक असलेला. दाताखाली कटकन फुटतो. भाव ऐकून दचकू नका. गहू परवडत नाही म्हणून ज्वारी खाण्याचे दिवस गेले, आता बऱ्याचदा उलट असतं. सोलापुरात घरोघरच्या बाया कडक भाकरी करून पाकिटं भरतात, ती शेंगाचटणीसह पुण्या-मुंबईला जातात, महिनाभर टिकतात. हुरड्याला यायचं तर डिसेंबर अखेर ते जानेवारी. सकाळी लवकर रानात पोचा. आगटीतून निघालेलं गरम कणीस हातावर चोळून खाण्यात जी मजा आहे ती उन्हं चढल्यावर राहत नाही. आणि शेतकऱ्याला पैसे विचारून द्या, तो स्वतः मागणार नाही.