सफरचंदाचे सारण शेगडीवर कसे शिजवावे?

नाताळच्या दिवसांत आपल्या घरांतून करंज्या, शंकरपाळे आणि केक यांची लगबग असते. गेल्या काही वर्षांत या यादीत ‘अॅपल पाय’ या पाश्चात्त्य पदार्थाची भर पडली आहे. पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत फळांचे गोड सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. अमेरिकन लोक त्याला आपला मानत असले, तरी सफरचंदाच्या अशा पदार्थाच्या कृती इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या आढळतात. म्हणजे अमेरिकेत वसाहती होण्याच्या कितीतरी आधी. असो. आमचा विषय पाय नसून त्याच्या पोटातले सारण हा आहे. ते शेगडीवर, घरच्या भांड्यांत आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या फळांतून कसे साधावे, हे येथे सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

पाय बिघडला की बहुधा पारीला दोष दिला जातो. मैदा चांगला नव्हता, लोणी कमी पडले, भट्टी तापली नव्हती, अशी कारणे दिली जातात. वस्तुतः दोष अनेकदा सारणाचा असतो. सफरचंदात शंभर भागांत सुमारे ८५ भाग पाणी असते. कच्च्या फोडी पारीत भरून भट्टीत ठेवल्या, की उष्णतेने त्या आकसतात आणि पाणी सोडतात. खालची पारी भिजून गिच्च होते, तर वरची पारी पोकळ राहते. कापताना सारे सारण ताटभर पसरते. यावर खात्रीचा उपाय एकच. फोडींतील जादा पाणी आधी शेगडीवर बाहेर काढावे आणि नंतरच सारण भरावे.

तथापि येथे एक अडचण उभी राहते, आणि इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांतून ती सुटत नाही. त्या पुस्तकांतील सफरचंद आणि आपल्या बाजारातील सफरचंद ही एक नव्हेत.

महामार्गाने येताना पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळले की इस्लामपूर लागते. २०२५ साली या गावाचे ‘ईश्वरपूर’ असे नामांतर जाहीर झाले. बोलण्यात मात्र जुने नाव अजून सर्रास येते. कृष्णा आणि वारणा या नद्यांमधला हा मुलूख उसाचा. सफरचंद येथे पिकत नाही. ते काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातून येते. गाड्यावर दिसणारे फळ बहुतेक वेळा ‘डेलिशियस’ जातीचे असते. लालभडक, खाली पाच उंचवटे असलेले आणि चवीला गोड. या जातीचा आपल्या देशातील इतिहास वाचकांना रोचक वाटेल. सॅम्युअल स्टोक्स हे फिलाडेल्फियाचे अमेरिकन गृहस्थ १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी भारतात आले. पुढे ते सिमल्याच्या वरच्या बाजूस कोटगढ परिसरात स्थायिक झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून डेलिशियस जातीची रोपे आणून तेथे लावली. हिमाचलच्या डोंगरी शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला तो प्रामुख्याने त्या रोपांमुळे. स्टोक्स यांनी १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारला, ‘सत्यानंद’ हे नाव घेतले आणि १९४६ साली त्यांचे निधन झाले.

डेलिशियस हे कच्चे खाण्याचे उत्तम फळ होय. शिजविण्यासाठी मात्र ते दुबळे. त्यात आंबटपणा कमी असतो आणि गर लवकर विरघळतो. पाश्चात्त्य गृहिणी पायसाठी ‘ग्रॅनी स्मिथ’ यांसारखे हिरवे, कडक आणि आंबट फळ घेते. त्या फळाचा उगम एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळ झाला. मोठ्या शहरांतील दुकानांत आयात केलेले हिरवे सफरचंद मिळते. परंतु ते महाग असते, आणि केवळ त्यासाठी सांगली-कोल्हापूरला खेप घालावी असे आम्हास वाटत नाही. लाल फळाला जे कमी आहे, ते आपण बाहेरून पुरवू शकतो. आंबटपणा लिंबू देईल. कडकपणा टिकविणे हे आचेवर अवलंबून आहे.

आचेचे हे प्रकरण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. फळाच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारा ‘पेक्टिन’ नावाचा पदार्थ असतो. जॅम घट्ट होतो तोही त्याच्याच योगाने. फोडी एकदम उकळल्या की पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि फोडीचा लगदा बनतो. परंतु फोडी आधी ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेत काही वेळ ठेवल्या, तर फळातीलच एक विकर जागृत होते. त्याच्या क्रियेमुळे पेक्टिन फळातल्या कॅल्शियमशी बांधले जाते. अशी फोड पुढे चांगली तापली तरी बराच काळ आकार सोडत नाही. घाई करणाऱ्याच्या फोडी मोडतात आणि धीर धरणाऱ्याच्या टिकतात, त्याचे कारण हे असे आहे.

आता प्रत्यक्ष कृती. एक किलो सफरचंदे घ्यावीत. बोटाने दाबून कडक लागतील तीच निवडावीत. हलकी व भुसभुशीत फळे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. नाताळच्या सुमारास येणारा माल पुष्कळदा शीतगृहातील असतो, म्हणून ही पारख अधिकच गरजेची. फळे कोमट पाण्याने धुऊन सोलावीत, मधला भाग काढावा आणि बोटाएवढ्या जाड फोडी कराव्यात. पातळ चकत्या करण्याचा मोह टाळावा. सुमारे ८०० ग्रॅम फोडी मिळतील. त्यांवर अर्ध्या लिंबाचा रस, ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड घालून अर्धा तास झाकून ठेवावे. लिंबामुळे फोडी काळ्या पडत नाहीत आणि साखरेमुळे रस सुटू लागतो.

भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचे असावे. अॅल्युमिनियमचे पातेले किंवा लोखंडी कढई आंबट पदार्थाला चालत नाही; चव आणि रंग दोन्ही बिघडतात. शेगडीवर तवा ठेवून त्यावर पातेले ठेवावे, आच अगदी मंद करावी व झाकण घालावे. वाफ दिसावी, पण बुडबुडा येऊ नये. वीस मिनिटांत फोडी वाकू लागतील आणि तळाशी वाटीभर रस जमेल. मग झाकण काढून तवा बाजूला करावा, आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे, सुरी अलगद शिरेपर्यंतच शिजवावे. नंतर सारे चाळणीत ओतून रस वेगळा करावा. ही पायरी बहुतेक पाककृतींत नसते. आम्हास मात्र ती सर्वांत मोलाची वाटते. फोडी बाजूला सुरक्षित राहतात आणि रस पाहिजे तेवढा आटवता येतो.

रसात ६० ग्रॅम गूळ विरघळवून तो गाळून घ्यावा. ऊस पिकविणाऱ्या मुलखात सारणासाठी केवळ पांढरी साखर वापरावी, हे आम्हास पटत नाही. गुळाने रंग तांबूस येतो आणि दालचिनीशी त्याचे चांगले जुळते. मात्र सर्वच गूळ घालू नये. सफरचंदाचा मंद वास त्याखाली दबून जातो. गूळ घातला म्हणून सारण मधुमेहींना चालते, असा समजही कोणी करून घेऊ नये.

गाळलेला रस वाटीभर राहील असा बेताने उकळावा. दीड मोठा चमचा, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर तीन चमचे थंड पाण्यात कालवून ते उकळत्या रसात घालावे आणि सतत ढवळावे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र सत्त्व. मक्याच्या भाकरीचे पिवळसर पीठ नव्हे! ते घातल्यास पिठले होईल. मिश्रण प्रथम दुधासारखे गढूळ दिसते. एखाद-दुसरा मिनिट खदखदले की पारदर्शक व तुकतुकीत होते. गढूळ असतानाच उतरविले तर कच्च्या पिठाची चव राहते. उलट फार वेळ उकळले तर आंबटपणामुळे सत्त्व फुटून सारण पुन्हा पातळ होते. म्हणूनच उरलेल्या अर्ध्या लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालावा. त्यासोबत चमचाभर लोणी आणि किंचित जायफळ घालून फोडी हलक्या हाताने मिसळाव्यात.

सांगली जिल्ह्याचा बेदाणा येथे उपयोगी पडतो. तासगावच्या बाजाराने हे नाव दूरवर नेले आहे. मूठभर बेदाणे न भिजविता रसात घातले, तर ते जादा ओल शोषून घेतात आणि कॉर्नफ्लोअर थोडे कमी पुरते. सफरचंद परवडत नसेल तर घट्ट पेरूच्या बिया काढून हेच सारण करावे. पेरूत पेक्टिन भरपूर असल्याने ते छान बसते.

सारण भरण्याआधी पूर्ण थंड झाले पाहिजे. गरम सारणाने पारीतील लोणी वितळते. एवढ्यात नऊ इंची एक पाय होतो. घरी भट्टी नसेल तर दिवाळीत नानकटाईचे डबे जसे बेकरीत भाजून आणतात, तसा पायही भाजून घेता येईल. अन्यथा २५ ते ३० करंज्या कराव्यात. करंजीसाठी फोडी वाटाण्याएवढ्या कराव्यात आणि कॉर्नफ्लोअर दोन चमचे घ्यावे. ओलसर सारण तापल्या तेलात करंजी फोडते, आणि उडालेले तेल हात भाजते. कडा पाण्याने नीट चिकटवाव्यात व एका वेळी तीन-चारच तळाव्यात.

राहिला टिकण्याचा प्रश्न, आणि तो गंभीर आहे. सुक्या सारणाच्या करंज्या डब्यात पंधरवडा राहतात; म्हणून फळांच्या करंज्याही तशाच राहतील असे गृहीत धरले जाते. त्या राहत नाहीत. ओल्या सारणाची करंजी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी. नाताळचे ताट शेजारीपाजारी जाते आणि त्यांत वृद्ध माणसे व लहान मुले असतात. तेव्हा ताट देतानाच ‘या करंज्या आजच खा’ असे सांगावे. नुसते सारण स्वच्छ, झाकणाच्या डब्यात शीतकपाटात तीन-चार दिवस चांगले राहते. वीज बराच वेळ गेली असेल तर वास व रंग यांवर विसंबू नये. लोणच्याप्रमाणे ते बरणीत भरून बाहेर ठेवणे तर मुळीच योग्य नव्हे. कॉर्नफ्लोअर घातलेले सारण घट्ट असल्याने बाटली उकळत्या पाण्यात ठेवली तरी उष्णता मध्यापर्यंत सारखी पोहोचत नाही. अमेरिकेचे कृषी खातेदेखील घरगुती बाटलीबंद सारणात साधे कॉर्नफ्लोअर घालू नये, असेच सांगते. महिनाभर साठवायचे असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, आणि वापरण्यापूर्वी पातेल्यात एकदा उकळी आणावी. सुटलेले पाणी त्याने पुन्हा धरले जाते.