तुरियाचे पाणी

स्पेन देशाच्या पूर्वेस, भूमध्य समुद्राच्या काठाने, व्हॅलेन्सिया नावाचा एक चिंचोळा प्रदेश पसरला आहे. उत्तरेस कास्तेयोन, मध्ये व्हॅलेन्सिया आणि दक्षिणेस अलिकान्ते असे त्याचे तीन प्रांत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि या दोहोंमध्ये सुपीक सपाटीची पट्टी, अशी येथील रचना आहे. उन्हाळ्यात पाऊस फारच थोडा पडतो. शरद ऋतूत मात्र तो कधी कधी असा कोसळतो की, कोरडे ओढे घटकाभरात नद्या होतात.

कास्तेयोनच्या सपाटीवर संत्र्यांच्या बागा दूरवर दिसतात. संत्र्याला स्पॅनिश भाषेत 'नारांहा' म्हणतात. हा शब्द मूळचा संस्कृत 'नारंग'. इराण व अरब देशांतून प्रवास करीत तो स्पेनमध्ये पोचला. मराठीतील 'नारिंग' त्याचेच भावंड. अलिकान्ते प्रांत अधिक कोरडा आहे. तेथील एल्चे शहरात अरबांच्या अमदानीत कालव्यांच्या पाण्यावर वाढविलेले खजुरीचे विशाल बन आजही उभे आहे.

खरी नवलाई मात्र मधल्या प्रांतात. व्हॅलेन्सिया शहराभोवतालची शेती तुरिया नदीच्या कालव्यांवर पिकते. पाणी थोडे आणि शेते पुष्कळ, तेव्हा भांडणे व्हायचीच! कोणी पाळी नसता पाणी घेतले, तर त्याची तक्रार 'जलन्यायालया'पुढे येते. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शहरातील मुख्य चर्चच्या दाराशी आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी काळे अंगरखे घालून बसतात. ते स्वतः शेतकरीच असतात व शेतकरीच त्यांना निवडून देतात. तेथे वकील नसतो. सारे कामकाज तोंडी चालते आणि निकाल तेथल्या तेथे लागतो. ज्या कालव्यावरचे भांडण असेल, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. ही प्रथा कित्येक शतकांची असून २००९ साली युनेस्कोने तिचा गौरव केला.

टंचाईवर न्यायालयाने तोडगा काढला. पुरावर काढणे अवघड होते. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला महापूर येऊन शहर बुडाले व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. तेव्हा नदीच शहराबाहेर न्यावी असे ठरले आणि दक्षिणेकडून तिला नवे, रुंद पात्र खोदण्यात आले. रिकाम्या पात्रातून मोटारींचा हमरस्ता काढण्याचा बेत होता. पण नागरिकांनी तेथे हिरवळच हवी असा आग्रह धरला. आज जुन्या पुलांखालून पाण्याऐवजी कित्येक किलोमीटर लांबीचे उद्यान वाहते. समुद्राकाठच्या काबान्याल या कोळ्यांच्या जुन्या वस्तीतही असेच घडले. रंगीत फरशांनी मढविलेली तिची घरे पाडून रुंद रस्ता समुद्रापर्यंत नेण्याची योजना १९९८ साली निघाली. रहिवासी वर्षानुवर्षे झगडले आणि २०१५ नंतर ती सोडून देण्यात आली.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली. नव्या पात्राने जुन्या शहराचे रक्षण केले. परंतु त्याच्या दक्षिणेकडील गावांत ओढ्यांचे पाणी शिरून दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काही ठिकाणी तर पाऊस पडलाच नव्हता. वरच्या डोंगरांतले पाणी अचानक येऊन थडकले. ला तोर्रे ही शहराचीच वस्ती, पण नदीपलीकडे असल्यामुळे ती चिखलात रुतली. दुसऱ्या दिवसापासून कोरड्या राहिलेल्या वस्त्यांतील हजारो माणसे खांद्यावर फावडी आणि झाडू घेऊन, नव्या पात्रावरील पादचारी पुलावरून पायी पलीकडे जाऊ लागली.