पुलीची खूण जुळली म्हणून फसू नका!

इंजिनकाम करून आणलेली माझी प्रीमियर पद्मिनी सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फाडकन खोकायची. पेट्रोल येतंय, प्लगला ठिणगी आहे, क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूणही जुळलेली. मग घोडं कुठं अडलं? खुणेतच! फोर-स्ट्रोक इंजिनात एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. खूण दोन्ही वेळा जुळते.

१ नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा, इंजिन हाताने फिरवा. (गाडी न्यूट्रलला हवी बरं का!) हवेने अंगठा ढकलला की ते कॉम्प्रेशन. आता खूण जुळवून डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा; रोटरचं तोंड १ नंबरच्या वायरकडे हवं. माझा रोटर ४ नंबरच्या वायरकडे तोंड करून बसलेला! फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे बरोब्बर अर्धा फेरा चुकला. डिस्ट्रिब्युटर काढून फिरवून बसवला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू. बारीक टायमिंग मग टायमिंग लाइटने.