चुंबकीय जोडणी : अंतर की सेतू?

दोन धातु-आयन एका संयुगात जवळ आले असता त्यांच्या अयुग्मित इलेक्ट्रॉनांची परिवलने परस्परांपासून स्वतंत्र राहतातच असे नाही. ती समांतर होऊ पाहतात किंवा प्रतिसमांतर. या परस्परावलंबनास चुंबकीय जोडणी म्हणतात. ती आयनांमधील अंतराने ठरते की त्यांना सांधणाऱ्या अणूंनी, या प्रश्नाच्या विचारास कॉपर ॲसिटेटाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

द्विसंयुजी ताम्र-आयनात एकच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. त्यामुळे त्याचा चुंबकीय परिबल निदान १.७३ बोर मॅग्नेटॉन असावयास हवा. कॉपर ॲसिटेटात तो सामान्य तापमानास सुमारे १.४ इतकाच भरतो. शिवाय तापमान उतरले की साध्या समचुंबकीय पदार्थाची चुंबकीय प्रवृत्ती वाढते. येथे मात्र ती घटत जाते, असे बी. सी. गुहा यांनी १९५१ साली दाखविले. पुढील वर्षी ब्लीनी व बॉवर्स यांनी इलेक्ट्रॉन-परिवलन-अनुस्पंदनाच्या आधारे याचा उलगडा केला. ताम्र-आयन जोडीजोडीने असतात. जोडीची नीचतम अवस्था प्रतिसमांतर परिवलनांची, म्हणून अचुंबकीय असते. आणि समांतर परिवलनांची चुंबकीय अवस्था तिच्याहून सुमारे ३०० प्रति सेंटिमीटर इतक्या ऊर्जेने वर असते. थंडी वाढली की वरची अवस्था ओस पडते व चुंबकत्व मावळते. या जोड्या खरोखरच असल्याचे १९५३ साली क्ष-किरणांनी सिद्ध केले. दोन ताम्र-आयन चार ॲसिटेट-सेतूंनी बांधलेले असून त्यांतील अंतर अवघे २.६४ अँगस्ट्रॉम आढळले.

हे अंतर धातुरूप तांब्यातील अंतराहून थोडेसेच अधिक आहे. तेव्हा दोन ताम्र-आयनांत प्रत्यक्ष बंध असावा, असे अनुमान १९५६ साली मांडले गेले. ते स्वाभाविक होते, परंतु टिकले नाही. अयुग्मित इलेक्ट्रॉनाचा कक्षक दुसऱ्या ताम्राकडे रोखलेला नसून ॲसिटेटातील ऑक्सिजनांकडे रोखलेला आहे. त्यातच, फॉर्मेटाचे सेतू असलेल्या सजातीय युग्मांत ताम्र-आयन अधिक जवळ नसतानाही जोडणी कितीतरी प्रबल असते. अंतर हेच कारण असते तर असे घडते ना. जोडणीचा मार्ग सेतूतून जातो; यासच अतिविनिमय म्हणतात.

मार्ग सेतूतून जात असेल, तर सेतूच्या आकारास महत्त्व येणारच. दोन हायड्रॉक्साइड-सेतूंच्या ताम्र-युग्मांत याची प्रचीती येते. ताम्र-ऑक्सिजन-ताम्र कोन सुमारे ९७.५ अंशांहून मोठा असल्यास परिवलने प्रतिसमांतर होतात, लहान असल्यास समांतर. आणि कोनाच्या एकेका अंशामागे दोन अवस्थांतील अंतर सुमारे ७५ प्रति सेंटिमीटरने बदलते. कोन काटकोनाजवळ आला की दोन्ही ताम्रांचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाच्या परस्परलंब कक्षकांशी निगडित होतात. मग त्यांचे युग्मन होण्याचा मार्ग खुंटतो व समांतर मांडणी सरस ठरते.

हाच विचार स्तरित पदार्थांसही लागू पडतो. क्रोमियम ट्रायआयोडाइडाच्या एका स्तरात क्रोमियम-आयोडिन-क्रोमियम कोन काटकोनाजवळचा असतो, आणि स्तर लोहचुंबकीय असतो. हे लोहचुंबकत्व एकाच सुट्या स्तरातही सुमारे ४५ केल्विनपर्यंत टिकते, असे २०१७ साली आढळले. अखंड स्फटिकात ही मर्यादा ६१ केल्विन आहे. त्याच संशोधनात द्विस्तराचे दोन स्तर मात्र प्रतिसमांतर दिसले. स्तरांमधील मार्ग समोरासमोरच्या आयोडिन-अणूंतून जातो. म्हणून एक स्तर दुसऱ्यावर कसा बसला आहे, यावर जोडणीचे चिन्ह ठरते. २०१९ साली दाबाने स्तर सरकवून ही प्रतिसमांतर जोडणी समांतर करण्यात आली.

तात्पर्य, केवळ आयनांमधील अंतर मोजून चुंबकीय जोडणीचे भाकीत करणे धोक्याचे आहे. मधले अणू कोणते, त्यांचा कोन किती व कक्षकांचा रोख कोणीकडे, हे प्रथम पाहिले पाहिजे.