गाडी उलाळ भरू नका

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब इंग्लंडला धाकट्या भावाकडे गेलो होतो. सहलीसाठी त्याने कॅरॅव्हॅन भाड्याने आणली. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर. सामान आम्हीच भरलं. तांदळाची गोणी, मोठी पातेली, पाण्याचे कॅन, सगळं मागच्या कपाटात, कारण तेच मोठं होतं.

मोटरवेच्या एका उतारावर शेजारून बस पुढे गेली आणि कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मोटारीत मुलं रडू लागली. भावाने जोरात ब्रेक मारला नाही, वेगही वाढवला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग उतरला, तेव्हा झोके थांबले.

रात्री फोनवर हे सांगितलं. अब्बांनी तरुणपणी बैलगाडी हाकलेली. ते लगेच म्हणाले, "बेटा, गाडी उलाळ भरलीत तुम्ही!"

अगदी तेच झालं होतं. मागे ओझं जास्त झालं की बैलगाडीचं जू वर उचललं जातं. तसंच कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा मोटारीची मागची बाजू वर उचलू पाहतो. मागच्या टायरांची रस्त्यावरची पकड कमी होते. मग वाऱ्याचा एक धक्काही झोका सुरू करायला पुरतो आणि वेग जितका जास्त तितका तो आवरायला कठीण.

म्हणून जोडाच्या गोळ्यावर थोडा भार हवाच. ब्रिटनमध्ये भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार तिथे ठेवण्याचा सल्ला देतात. म्हणजे १,२०० किलोच्या कॅरॅव्हॅनला ६० ते ८४ किलो. मात्र मोटार आणि जोड या दोघांना सोसेल अशी मर्यादा ठरलेली असते. त्यातली जी कमी, ती पाळायची.

पण काट्यावर आकडा जुळला म्हणजे काम संपलं नाही. दोन्ही टोकांना वजन बांधलेली लाठी फिरवून पाहा. एकदा फिरू लागली की थांबवताना मनगट दुखतं. तेच वजन मधे बांधलं तर सहज थांबते. म्हणून जड सामान चाकांच्या आसाजवळ आणि तळाशी ठेवावं, हलकं वरच्या कपाटांत. सामान घसरणार नाही हेही पाहावं.

आणखी दोन गोष्टी. भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी, असा नवख्यांना सल्ला असतो. आणि मोटरवेवर कॅरॅव्हॅन ओढताना ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, ही कायद्याची मर्यादा आहे. उतारावर आणि वाऱ्यात त्याहूनही कमी वेग बरा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं सामान खाली काढलं आणि गोणी, कॅन आसावर मांडले. भावाने जोडाचा भार मोजला. उरलेली सहल सुखरूप झाली. आता गावी ट्रॅक्टरमागे दोन चाकी ट्रॉली दिसली, की आमची मुलं आधी विचारतात, "उलाळ तर नाही ना?"